तळव्याचं ऊनवय

रत्नमाला आत्यानं बूट काढून डावा पाय कस्तुरीच्या मांडीवर ठेवला, तेव्हा दवाखान्याबाहेर रांगेत अजून सदतीस माणसं होती.

"हितं लाव की तुझी पट्टी," आत्या म्हणाली. "मानंला लावलीस, हाताला लावलीस. दुखतंय ते हितं."

"तळव्याला नसते लावायची, आत्या."

"का? तळवा काय परक्याचा हाय?"

कस्तुरी हसली. टाचेवर हरभऱ्याच्या डाळीएवढा कडक गोळा होता आणि त्याच्याभोवती काळपट कड. कड एका अंगाला जरा जास्तच पसरली होती. कस्तुरीनं ती पाहिली. अंगठ्यानं घासूनही पाहिली. निघाली नाही.

"कधीपासून आहे?"

"दिवाळीच्या आधीपास्नं. भोवरीच असंल. दिवसभर रबरी बूट घालून पाण्यात उभं राहायचं म्हंजी काय हुणार दुसरं?"

आत्या सोनलगीच्या माळावर काचा धुणाऱ्या चाळीस बायकांची मुकादम होती. जतच्या पूर्वेच्या या माळावर पूर्वी मेंढरंसुद्धा अर्धपोटी परतायची. आता अकरा हजार एकरांवर सौरपट्ट्या होत्या आणि अख्खा माळ त्यांना नुसतं 'काचा' म्हणायचा. धुवायला यंत्रं होती, पण बोअरच्या खारट पाण्याचे डाग आणि पाखरांची घाण यंत्राच्या ब्रशाला दाद देत नसे. तिथं बाईचा हातच लागायचा. पहाटे पाचला पाळी सुरू व्हायची ती अकराला संपायची. वरून ऊन आणि खालून काचांवरून उसळलेलं ऊन, असं दुहेरी अंगावर घेत बायका काम करायच्या.

पृथ्वी थंड ठेवायला वरच्या हवेत गंधकाची धूळ फवारायला लागून तेव्हा दहाबारा वर्षं झाली होती. उष्णता थोडी आवरली, पण ओझोनचा थर विरळ झाला आणि अतिनील किरण वाढले. कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांचा, असं मानणाऱ्या देशात सावळ्या माणसांच्या गालांवर, कानांवर गाठी दिसू लागल्या. मग ते यंत्र आलं.

ऊन कातडीत शिरतं तेव्हा पेशीच्या आतल्या गुणसूत्रांपर्यंत पोचतं. तिथं चार रसायनांच्या अक्षरांत माणसाचा सगळा मजकूर लिहिलेला असतो. अतिनील किरण पडला की शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशी ती सोडवून पुन्हा लिहून काढते, पण कधी कधी चुकते आणि ही चूक ठरावीक असते. सायटोसिनच्या जागी थायमिन पडतं. तंबाखूनं होणाऱ्या चुका वेगळ्या, म्हातारपणाच्या वेगळ्या, ही उन्हाचीच. चिकटपट्टी कातडीवर दाबून ओढली की वरच्या थरातल्या काही पेशी तिला लागून येतात. यंत्र त्यांच्यातल्या अशा चुका मोजतं आणि अकरा मिनिटांत एक आकडा देतं.

सरकारी कागदावर त्याचं नाव 'त्वचालेख' होतं. माळावर सगळे त्याला ऊनमोज्या म्हणत आणि त्यानं दिलेल्या आकड्याला ऊनवय. आकडा हिरवा, पिवळा किंवा लाल रंगात उमटायचा. लाल आलेल्या माणसाला छपराखालचं काम देत आणि नखशिखांत तपासत. गाठ निघालीच, तर त्या गाठीतल्या चुका वाचून त्या एकाच माणसापुरती लस बनवत. लस शरीराला त्या चुका ओळखायला शिकवायची आणि शरीर गाठ फस्त करायचं. चार वर्षांत माळावर कातडीच्या कर्करोगानं एकही माणूस दगावलं नव्हतं.

पूर्वी डॉक्टर दर सहा महिन्यांनी प्रत्येकाचं अंग पाहायचे. बायकांना ते नको असायचं आणि डॉक्टरांना वेळ नसायचा. ऊनमोज्या आल्यावर नियम बदलला. ज्याचा निकाल हिरवा, त्याचं अंग पाहायची गरज नाही. याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. कस्तुरीचीही नव्हती.

ती माळावरच्या दवाखान्यात तंत्रज्ञ होती. आई गेल्यावर आत्यानंच तिला वाढवलं, मिरजेला ठेवून लॅबचं शिक्षण दिलं. आत्यानं लग्न केलं नाही. "तुला सांभाळू का नवरा सांभाळू?" असं ती चारचौघांत म्हणायची आणि वर स्वतःच मोठ्यानं हसायची. कस्तुरीला पांढऱ्या कोटात पाहिलं की ती बरोबरीच्या बायकांना कोपरानं ढोसायची.

त्या दिवशी कस्तुरीनं नियम मोडून आत्याच्या टाचेवर पट्टी दाबली आणि ओढली. अकरा मिनिटं आत्या तिथंच बसून राहिली. मधल्या वेळात आत आलेल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न चालू होते. काळ्या माणसाला हे होत नाही म्हणतात, खरं का? हा तीळ जन्माचा आहे, याचं काही होईल का? तुकडा काढून तपासला की रोग अंगभर पसरतो ना? मलम लावलं तर घाम यायचा बंद होतो का? शेवंताबाई तर दर वेळी विचारायची, "माझं लेकराला लागंल का?" आणि कस्तुरी दर वेळी सांगायची की हा आजार शिवून लागत नाही.

यंत्र टिंग वाजलं. आकडा होता तीन. हिरवागार.

"आत्या, मानेचं ऊनवय एकेचाळीस, तेही हिरवंच, आणि तळव्याचं तीन! तुझा तळवा अजून बालवाडीत आहे बघ."

खोलीतल्या बायका खदखदल्या. आत्याही हसली आणि बूट चढवायला वाकली.

"भोवरीच आहे. कॉर्नकॅप देते, चार दिवस लाव."

संध्याकाळी घरी आत्या टाचेला ती गोल पट्टी चिकटवत होती, तेव्हा कस्तुरीला ती काळी कड पुन्हा दिसली. क्षणभर काहीतरी टोचलं. मग तिला हिरवा आकडा आठवला आणि ती भाजी परतायला उठली.

*

वैशाखात आत्याच्या बुटात रक्त निघालं. खडा लागला असेल म्हणून तिनं हळद भरली. पुढच्या आठवड्यात जांघेत लिंबाएवढी गाठ आली.

"अवधाण आलंय नुसतं," ती म्हणाली. "पायाला जखम असली की येतंयच. गरम मीठ शेकते."

कस्तुरीनं गाठीवर बोट ठेवलं. ती दगडासारखी होती आणि दाबली तरी आत्या कळवळली नाही. जखमेनं येणारं अवधाण हात लावू देत नाही, इतकं कस्तुरीला ठाऊक होतं. तिनं आत्याचा पाय उजेडात धरला. कॉर्नकॅपच्या मलमानं वरची कातडी सोलली गेली होती. खाली रुपयाएवढा डाग होता. कुठं काळा, कुठं निळसर, मध्ये ओला.

"उद्या मिरजेला जायचं," ती म्हणाली.

"उद्या पाळी हाय माझी."

"आत्या, उद्या मिरजेला जायचं."



*

मिरजेच्या डॉक्टर नसीमा पटवेगार पन्नाशीच्या होत्या. बोलताना त्या पेशंटच्या तोंडाकडं बघत. तुकडा तपासून आला त्या दिवशी त्यांनी आत्याला समोर बसवून सरळ सांगितलं.

"कर्करोग आहे, रत्नमालाताई. कातडीतल्या रंगाच्या पेशींचा. जांघेत उतरलाय."

"मी उन्हात काम करते म्हणून?"

"नाही. याचा उन्हाशी संबंध नाही. आपल्यासारख्या सावळ्या लोकांना या जातीचा रोग होतो, तेव्हा बहुतेक वेळा असाच होतो. तळव्यावर, तळहातावर, नाहीतर नखाखाली. जिथं ऊन पोचत नाही तिथं. का होतो, ते अजून नीटसं माहीत नाही."

आत्यानं वळून कस्तुरीकडं पाहिलं. कस्तुरी टेबलाच्या कडेकडं बघत होती.

"मग ती लस?" कस्तुरीनं विचारलं. "आमच्याकडं सगळ्यांना गुण येतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "लस कशावर चालते, तुला माहिती आहे. गाठीत चुका जितक्या जास्त, तितकी ती शरीराला परकी वाटते. उन्हानं झालेल्या गाठीत अशा हजारो चुका असतात, लस त्यांतल्या वीस-तीस निवडून शरीराला दाखवते. ताईंच्या गाठीत दाखवण्यासारखं फारसं काही नाहीच. शरीराला ती घरचीच वाटतेय. आपण लस बनवून बघू. पण मी खोटी आशा देणार नाही."

"म्हंजी," आत्या हळूच म्हणाली, "उन्हानं झाला असता तर बरी झाले असते?"

"बरीच जास्त शक्यता होती."

आत्या पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तीस वर्षं उन्हात घातली. त्येचा एवढापण उपयोग न्हाई."

घोट्यापासून पाऊल काढावं लागलं. जांघेतल्या गाठी काढल्या. शुद्धीवर आल्यावर आत्यानं पांघरुणाखाली हात घालून पाय जिथं संपत होता तिथवर चाचपला आणि हात तसाच ठेवून दिला.

*

पंधरा दिवसांनी कस्तुरी कामावर गेली तेव्हा माळाचे वैद्यकीय अधिकारी डॉक्टर शिरगुप्पे यांनी तिला बोलावलं. त्यांनी चहा मागवला, आत्याची चौकशी केली. ती चौकशी खरी होती. ते वाईट माणूस नव्हते.

"तुझ्या नोंदीत तळव्याची एक पट्टी आहे," ते म्हणाले. "डिसेंबरातली. नियमात तळवा नाही. उद्या कुणी विचारलं, तर तू नियम मोडून पट्टी लावलीस, कर्करोगाला हिरवा निकाल दिलास, आणि वर कॉर्नकॅप दिलीस, असं दिसेल. कंपनी हात झटकेल. सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर येईल."

"यंत्रानं हिरवा दिला, सर."

"यंत्र ऊन मोजतं. ऊन नव्हतंच. त्याचं उत्तर बरोबर आहे." त्यांनी कप बाजूला सारला. "ती पट्टी लावलीच नव्हतीस, असं समज. वर्षाच्या नोंदी एकदम या महिनाअखेरीला वर जातात, तोवर तुला खोडता येते. तुझ्यासाठीच सांगतोय."

दोन दिवस कस्तुरीनं ती नोंद उघडली आणि मिटली. रत्नमाला बिराजदार, डावी टाच, तीन, हिरवा, खाली तिची सही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हतं. तिनं ती खोडली. 'नक्की?' असं पडद्यानं विचारलं आणि तिनं हो म्हटलं. मग ती बराच वेळ हात धूत राहिली.

आठवडाभरानं मिरजेहून फोन आला. डॉक्टर पटवेगार होत्या.

"कस्तुरी, तुझ्या आत्या मला म्हणाल्या, तू टाचेची पट्टी घेतली होतीस म्हणून. हे फार महत्त्वाचं आहे. रोगाच्या जागेवरच पट्टी लावूनही यंत्र हिरवा दाखवतं, याचा पुरावा आजवर एकाही ठिकाणी नाही, कारण तळव्याला पट्टी कुणी लावतच नाही. तो कागद मिळाला तर मी नियम बदलून घेऊ शकते. पाठवशील?"

"बघते," म्हणून कस्तुरीनं फोन ठेवला.

*

आत्या आता ओसरीवर खाट टाकून बसलेली असायची. लशीचे दोन डोस झाले होते. खोकला सुरू झाला होता आणि दोघींनाही त्याचा अर्थ कळत होता. त्या संध्याकाळी कस्तुरीनं खाटेशेजारी जमिनीवर बसून सगळं सांगितलं. काळी कड दिसली होती हेही सांगितलं. नोंद खोडली हेही.

अंगणात कोंबड्या परतत होत्या, त्यांच्याकडं बघत आत्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"मी पाय तुझ्या मांडीवर ठेवला हुता. आणि तू मान वर करून पडद्याकडं बघत बसलीस."

कस्तुरीनं मनगटानं डोळे पुसले.

"रडू नगंस. मला रडणं बघवत न्हाई आणि मी तुला माफ केलं असं काय म्हणणार न्हाई. खरं सांगते. कधी कधी जाग येते तेव्हा तुझा राग येतो. लई येतो. मग सकाळी तू चहा आणून देतीस आणि मी पिते." तिला खोकला आला; तो थांबेपर्यंत कस्तुरीनं तिची पाठ धरून ठेवली. "कागद खोडलास ते मात्र नासकं काम केलंस. माझ्या हाताखाली चाळीस बायका हायेत. त्यांचे पाय कोण बघणार?"

"आता नोंद परत आणता येत नाही, आत्या."

"तुला लिवता येतं न्हवं? त्यापायीच शिकीवलं तुला. लिव."

कस्तुरीनं आत जाऊन कागद आणला. तारीख, पट्टीची जागा, आकडा, रंग, आपण डोळ्यांनी काय पाहिलं आणि काय सोडून दिलं, आणि नोंद कुणी खोडली, हे सगळं तिनं लिहिलं. शिरगुप्प्यांचं बोलणं लिहिताना तिचा हात थांबला. मग तेही लिहिलं. शेवटी सही केली. आत्यानंही खाली वाकड्या अक्षरांत पूर्ण नाव घातलं.

कागद मिरजेला पोचला, तिथून मुंबईला गेला. महिन्याभरात कस्तुरीला कामावरून काढलं. कारण खरं होतं, नोंदीत फेरफार. तिनं वाद घातला नाही. नियमाचं काय झालं, असं तिनं डॉक्टर पटवेगारांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, समिती नेमली आहे, हातानं लिहिलेल्या एका कागदाला कितपत वजन द्यायचं यावर चर्चा चालू आहे. माळावर ऊनमोज्या पूर्वीसारखाच चालू राहिला. कस्तुरीच्या खुर्चीवर जतचा एक मुलगा आला.

लशीचा तिसरा डोस द्यायची वेळ आली नाही. रोग फुप्फुसांतून यकृतात गेला. आत्या श्रावणात गेली, दुपारी, कस्तुरी तिला पाणी पाजत असताना. शेवटच्या आठवड्यात ती फारसं बोलली नव्हती. एकदाच तिनं कस्तुरीचा हात ओढून आपल्या गालावर ठेवला होता. तो राग गेला म्हणून की नुसताच ताप फार होता म्हणून, हे कस्तुरीला कळलं नाही आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

*

तेराव्याला काचांवरच्या बायका आल्या. पाळी संपवून थेट आल्या होत्या. बुटांना पांढरा खार लागलेला होता. जेवल्या, आत्याच्या फोटोला हात जोडले. कस्तुरीशी फार कुणी बोललं नाही. हिरवा निकाल तिनंच दिला होता, हे एव्हाना सगळ्या माळाला माहीत होतं. ती पत्रावळ्या गोळा करत राहिली.

बाकीच्या बायका टेम्पोकडं गेल्यावरही शेवंताबाई ओसरीच्या कडेला बसून होती. तिनं उजव्या पायाचा बूट उपसून काढला, मोजा काढला आणि पाय पुढं केला.

"बघ."

"माझ्याकडं यंत्र नाही आता, शेवंताबाई."

"यंत्र कुणी मागितलंय? परवाच झालं माझं. हिरवं आलंय." तिचा आवाज चिरकला. "तू बघ."

कस्तुरीनं पत्रावळ्या खाली ठेवल्या, हात धुतले आणि जमिनीवर मांडी घातली. पाय मांडीवर घेतला. तळवा भेगाळलेला होता, भेगांत खार बसला होता. तिनं ओल्या फडक्यानं तो पुसला, बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या, नखं पाहिली. करंगळीखाली एक काळा ठिपका होता, मोहरीपेक्षा थोडा मोठा. तिनं मोबाइलच्या उजेडात तो पुन्हा पुन्हा पाहिला. एक कड गोल होती. दुसरी गोल होती असं म्हणवत नव्हतं. काटा मोडून आत राहिला असेल, जुना तीळ असेल, काहीही असेल.

"काय हाय?" शेवंताबाईनं विचारलं.

हिरवं, पिवळं, लाल असं काहीतरी ऐकायला तिचा चेहरा आसुसला होता. चार वर्षं कस्तुरीनं या चेहऱ्यांना अकरा मिनिटांत उत्तर दिलं होतं.

"मला कळत नाही," ती म्हणाली. "उद्या मिरजेला जाऊ."

"उद्या पाळी हाय."

"असू दे."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. शेवंताबाईनं तिकडं पाहिलं, मग आपल्या पायाकडं. पाय अजून कस्तुरीच्या हातात होता.

"गाडी कितीला असती?"

"साडेसहाला."